दोन कागद

मुस्लिम स्त्रीच्या हक्कांविषयी बोलणे निघाले की आपल्या समाजात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे की, इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच स्त्रीला सगळे हक्क देऊन टाकले आहेत. दुसरे असे की, आता कायदा झाला, मुस्लिम स्त्री सुटली. पहिले वाक्य मोहल्ल्यातल्या जलशात ऐकू येते आणि दुसरे टीव्हीवर. बोलणारे बहुधा पुरुष असतात आणि दोन्ही वाक्यांनंतर विषय संपतो.

मला या वाक्यांशी भांडायचे नाही. पहिल्यात पुष्कळ तथ्य आहे, दुसऱ्यातही थोडे आहे. पण मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. हक्क दिला आहे असे कुणी म्हटले की माझ्या मनात शिक्षिकेचे प्रश्न येतात. तो कुठे लिहिला आहे? कोणत्या लिपीत लिहिला आहे? आणि जिला दिला तिला तो वाचता येतो का?

आमचे पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातले बाजाराचे गाव. धनाजी जाधवांची समाधी इथे आहे, भोवताली उसाची शिवारे आहेत आणि महामार्गावरचे वाठार जवळच आहे. इथल्या मुसलमानांची आडनावे पाहिली तर धंदे कळतात : बागवान, तांबोळी, अत्तार, नदाफ, मुल्ला, मुजावर, शिकलगार. घरात आम्ही दखनी बोलतो, बाजारात मराठी. नमाज अरबीत. शाळा कुणाची उर्दू, कुणाची मराठी, आणि अलीकडे ज्याला परवडते त्याच्या मुलांची इंग्रजी. एका घरात इतक्या भाषा असणे ही तशी श्रीमंतीच म्हणायची. पण बाईच्या आयुष्याचे जे दोन महत्त्वाचे कागद, ते दोन वेगवेगळ्या लिप्यांत असतात. तिचा निकाहनामा उर्दूत आणि तिच्या बापाचा सातबारा मराठीत. माझ्या नानीच्या पिढीतल्या बायका कुराण शरीफ नाजरा पढत, म्हणजे अर्थ न कळता अक्षरे लावून वाचत. पण या दोन कागदांपैकी एकही त्यांना वाचता येत नव्हता. दोन्हींवर त्यांचे अंगठे मात्र आहेत.

मला या दोन कागदांविषयीच लिहायचे आहे.

आधी निकाहनामा. दहावीच्या वर्गाला उर्दूत दरख्वास्त, रसीद, खत असे लेखनप्रकार शिकवायचे असतात. गेली काही वर्षे मी त्यांत एक कोरा निकाहनामाही ठेवते. फळ्यावर रकाने काढते आणि मुलींना वाचायला सांगते. वधूचे नाव, वकील, गवाह, मेहरची रक्कम, असे वाचत वाचत गाडी एका शब्दापाशी अडते. तो शब्द मुअज्जल. मराठीत मी तो एकदाच लिहू शकते, कारण देवनागरीत तो एकच दिसतो. उर्दूत मात्र हे दोन शब्द आहेत. एक ऐनने लिहितात, दुसरा वावावर हमजा देऊन. ऐनवाला मुअज्जल म्हणजे तत्काळ द्यायचा मेहर, ज्याला आपल्याकडे नगद म्हणतात. हमजावाला म्हणजे पुढे कधी तरी द्यायचा, म्हणजेच उधार. बोलताना आपल्या तोंडी दोन्हींचा उच्चार सारखाच होतो. फरक फक्त डोळ्यांना दिसतो, आणि तोही वाचता येणाऱ्या डोळ्यांना.

पहिला शब्द उजलत म्हणजे घाई याच्या कुळातला आहे. दुसरा अजल म्हणजे मुदत याच्या कुळातला. उर्दूत अजल म्हटले की माणसाला ठरलेली मुदत, म्हणजे मौत आठवते. मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी चटकन म्हणाली, “मंजे बाजी, मरे तक का उधार!” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण तिने नेमके तेच सांगितले होते जे आपल्या घरोघर घडते.

आपल्याकडे मेहर कसा फिटतो हे कुणाला सांगायला नको. नवरा वारला की मय्यत उठवण्याआधी बायकोला पुढे आणतात. कुणी तरी वडीलधारी तिला म्हणते, “मेहर माफ कर दे, उसकू बोझ नक्को.” ती बाई त्या क्षणी शुद्धीवर तरी असते का? सगळा मोहल्ला पाहत असतो. ती मान हलवते, कधी ओठांनी पुटपुटते, आणि तीस-चाळीस वर्षांचे कर्ज एका हुंदक्यात फिटते. शरीअतच्या दृष्टीने मेहर हे खरेखुरे कर्ज आहे. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेतून कफन-दफनाचा खर्च निघतो, मग कर्जे फेडली जातात, मग वसीयत असेल तर ती पुरी करतात, आणि त्यानंतर वारसांचे हिस्से पडतात. मेहर या कर्जांत मोडतो. म्हणजे मुलगे आणि दीर यांच्या आधी विधवेचा नंबर. शिवाय वारस म्हणून तिचा हिस्सा वेगळा : मुलेबाळे असतील तर आठवा, नसतील तर चौथा. मदरशातल्या मुलाला हे पाठ असते. ज्या बाईला मय्यतीपाशी उभे करतात तिला ते कुणी सांगितलेले नसते.

माझ्या एका विद्यार्थिनीची आई एकदा शाळा सुटल्यावर थांबली. पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला स्वतःचा निकाहनामा होता. घड्यांवर कागद फाटला होता. मुलीने घरी जाऊन फळ्यावरचे सांगितले असावे. ती म्हणाली, “बाजी, जरा पढके बोलो. मेरेकू तो उधार बोलेथे.” मी वाचला. रक्कम पाचशे एक. पुढचा शब्द ऐनने लिहिलेला होता, अगदी स्वच्छ अक्षरात. निकाहच्याच दिवशी तिच्या हातात पडायला हवे होते. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि तिने सगळ्यांसमोर मेहर माफ केला होता. मी वाचून दाखवले तेव्हा ती रागावली नाही, रडलीही नाही. पाचशे एक रुपयांत आता काय येते हे तिलाही माहीत होते. ती इतकेच म्हणाली, “पैसे का नै बाजी. मेरेकू पूछनेकू होना था.” मग पिशवीत कागद घालून ती गेली.

पैशाचे काही नाही, मला विचारायला हवे होते. स्त्रीच्या हक्कांवरची पुष्कळ भाषणे मी ऐकली आहेत, त्यांत इतके नेमके वाक्य मला आढळलेले नाही.

वर्गात निकाहनामा आणल्याबद्दल एक पालक तक्रार घेऊन आले होते. “लडकियांकू अभी से निकाह सिखारे क्या?” मी म्हटले, “भाईजान, निकाह नाही, कागद वाचायला शिकवते. उद्या बँकेचा वाचतील, परवा दवाखान्याचा. हाही एक कागदच आहे.” ते गप्प बसले. पटले म्हणून बसले की बाईमाणसाशी वाद नको म्हणून, हे मला कळले नाही. त्यांची मुलगी वर्गात मात्र येत राहिली.

निकाहनाम्यात आणखी एक जागा असते तिकडे आपण पाहतच नाही. ती शर्तींची. निकाह हा करार आहे असे आपण अभिमानाने सांगतो आणि कराराला शर्ती घालता येतात हे विसरतो. शिक्षण पुरे करू देईन, नोकरी करू देईन, अशी शर्त लिहिता येते. इतकेच काय, नवरा आपला तलाकचा अधिकार ठरावीक अटींवर बायकोकडे सोपवू शकतो. त्याला तफवीज म्हणतात. ही हनफी फिकहमधली जुनी तरतूद आहे. पाकिस्तानात १९६१ च्या कौटुंबिक कायद्यानंतर जो निकाहनामा आला त्यात यासाठी स्वतंत्र अठरावा रकाना आहे आणि बांगलादेशात तीच पद्धत चालू राहिली. तिथेही पुष्कळदा तो रकाना वाचल्याशिवायच काट मारून रिकामा ठेवतात असे म्हणतात. आपल्याकडे ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ साली भोपाळला नमुना निकाहनामा जाहीर केला होता. त्यात काय हवे होते आणि काय नव्हते यावर तेव्हा खूप चर्चा झाली. पण लग्नाच्या मांडवात, जेवणाची पंगत खोळंबलेली असताना, नमुना निकाहनामा कोण काढणार? काजी साहेब रक्कम विचारतात, कुणी तरी सांगते, नवरीकडून तीन वेळा कबूल वदवतात आणि तिची सही घेतात. सही कशावर केली हे तिने वाचलेले नसते. पुष्कळ घरांत तिला निकाहनाम्याची प्रत मिळतही नाही, ती सासऱ्याच्या ट्रंकेत जाते.

आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीने दोन वर्षांपूर्वी मंगनीच्या वेळी निकाहनामा पाहायला मागितला. ती औषधांच्या दुकानात नोकरी करत होती. वडील टेम्पो चालवतात. मेहर सातशे शहाऐंशी रुपये ठरला होता, बरकतीचा आकडा म्हणून. ती म्हणाली, बरकत मला मान्य आहे, पण मेहर एक तोळा सोने लिहा आणि नगद लिहा. रुपयाची किंमत उतरते, सोन्याची टिकते. दोन शर्तीही तिने सांगितल्या. नोकरी सुरू राहील, आणि तफवीज. घरात वादळ झाले. तिच्या खालाने विचारले, “शादी से पैले तलाक की तयारी?” वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी मध्यम मार्ग निघाला. एक तोळ्याचा मेहर मिळाला आणि तो मांडवातच तिच्या हातात पडला. नोकरीची शर्त लिहिली गेली. तफवीज राहिली. ज्यांच्याकडून सर्वांत जास्त विरोधाची भीती होती त्या काजी साहेबांनी शांतपणे सांगितले की शर्त लिहिता येते, आजवर कुणी लिहायला सांगितलीच नव्हती.

ही गोष्ट मी मुलींना सांगते तेव्हा अर्धा विजय म्हणून सांगत नाही. माझ्या माहितीत तरी मोहल्ल्यात एका मुलीने सहीपूर्वी कागद वाचण्याची ही पहिलीच वेळ होती.

आता दुसरा कागद.

सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे : मुलाच्या निम्मा. निम्मा का, यावर वाद घालणाऱ्यांनी तो जरूर घालावा. पण आमच्या भागात तो निम्माही कितीजणींच्या हाती पडतो हे आधी पाहावे. माझ्या आजोबांची वडगावपासून थोड्या अंतरावर सव्वा एकर जमीन होती, ऊस होता. ते वारले तेव्हा वारस नोंद झाली. माझ्या वडिलांचे, चाचांचे आणि तिन्ही फुफींचे नाव सातबाऱ्यावर चढले. वर्षभरात तिन्ही फुफींनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्र करून दिले. त्या दिवशी घरी बिर्याणी झाली होती, प्रत्येकीला साडी मिळाली. मी तेव्हा लहान होते आणि मला तो सणच वाटला होता. मोठी झाल्यावर धाकट्या फुफीला विचारले, काय लिहिले होते त्या कागदात? ती म्हणाली, “क्या की. मराठी में था. भाई बोले यां सही कर, मैं करी.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “नै करती तो आना-जाना बंद होता.”

माहेर तुटेल या भीतीपुढे सूरह निसा टिकत नाही, असा आपला अनुभव आहे. आणि यात आपण आपल्या हिंदू शेजाऱ्यांपेक्षा वेगळे नाही. पाटलांच्या लेकीही हक्कसोड करतात आणि बागवानांच्याही. रूढी दोघांची एकच आहे, धर्मग्रंथ तेवढे वेगळे. कायद्याचीही इथे एक गंमत आहे. १९३७ चा शरीअत कायदा झाला त्यामागे एक मोठे कारण असे होते की निरनिराळ्या प्रांतांत रूढीच्या नावाखाली मुस्लिम स्त्रियांचा वारसा बुडवला जात होता. उलेमांनी आणि स्त्रियांच्या संघटनांनीही हा कायदा मागितला. कायदा आला आणि रूढी बाजूला सारून शरीअत लागू झाली. पण त्याच कलमात शेतजमिनीचे प्रश्न वगळले गेले. ज्या देशात खेड्यातली बहुतेक मालमत्ता शेतजमीनच होती, तिथे हा अपवाद किती मोठा होता हे सांगायला नको. आमच्याकडे नोंदीत मुलींची नावे लागतात हे खरे. ती लागतात आणि मग एका सहीने उतरतात.

ज्यांना फक्त मुलीच आहेत त्यांची अडचण निराळी. एकच मुलगी असेल तर तिला अर्धा, दोन किंवा अधिक असतील तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश. उरलेल्यात विधवेचा वगैरे हिस्सा जाऊन बाकीचे बापाच्या भावाकडे किंवा त्याच्या मुलांकडे जाऊ शकते. केरळमधले एक वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ रोजी स्वतःच्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केले, ते आपल्या तीन मुलींना सगळी मिळकत मिळावी म्हणून. त्यावर पुष्कळ टीका झाली. आमच्या मोहल्ल्यात कुणी तसे करणार नाही. पण जिवंतपणी हिबा करता येतो, म्हणजे बक्षीस देता येते, आणि ते शरीअतमध्ये बसते. तेवढे तरी बापांना माहीत असावे.

इथे माझ्या शाळेची दुबळी बाजू सांगितली पाहिजे. आमच्या मुली निकाहनामा घडाघडा वाचतात. सातबारा पुढे ठेवला की अडखळतात. उर्दू शाळेत मराठी शिकवतात, पण कविता आणि धड्यांपुरती. भोगवटादार, फेरफार, बोजा, इतर हक्क हे शब्द त्यांनी कुठे ऐकलेले नसतात. मराठी माध्यमात गेलेल्या आमच्याच मोहल्ल्यातल्या मुली सातबारा वाचतात आणि निकाहनाम्यापुढे गप्प होतात. म्हणजे एका बहिणीला माहेरचा कागद कळतो, दुसरीला सासरचा. उर्दू की मराठी हा वाद आपल्या समाजात किती वर्षे चालला आहे. साहित्य संमेलनांतून, शाळांच्या सभांतून, घराघरांतून. मला वाटते, हा वाद घालणाऱ्यांनी बाईच्या ट्रंकेतले कागद एकदा उलगडून पाहावेत. तिला दोन्ही लागतात. वर्गात मी फळ्यावर ‘वारस’ हा शब्द मराठीत लिहिला आणि विचारले, हा कुठला? मुलींनी ओळखला, आपलाच. हक्क आपला, जमीन आपला, मिळकत आपला, दस्त आपला. “सब लफ्ज हमारेच हैं बाजी!” शब्द आमचे आहेत हे खरेच. जमिनीचे तेवढे राहिले आहे.

कायद्याचे काहीच महत्त्व नाही असे मात्र कुणी समजू नये. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा घ्या. त्याआधी हनफी मतानुसार बाईला नवऱ्यापासून सुटका मिळणे जवळपास अशक्य होते. पंजाबात बायका त्यासाठी धर्म सोडू लागल्या तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली आणि त्या वाटेने पुढे कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागवत असेल, तर बाई कोर्टातून निकाह तोडू शकते. बदल शरीअतच्या आतूनही होतो याचे हे मोठे उदाहरण. ते सांगितले की आमच्या मुलींना धीर येतो, कारण त्यांना घर आणि धर्म सोडून हक्क नको असतो.

बाहेरून धक्का देणारेही झाले. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या. सातच होत्या, पण त्यांची आठवण आजही निघते. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. शहाबानो खटल्याचा निकाल एप्रिल १९८५ मध्ये लागला आणि त्याच वर्षी आमच्या कोल्हापुरातून तलाक मुक्ती मोर्चा नागपूरच्या दिशेने निघाला. वाटेत त्याला कडवा विरोध झाला. ‘दगडावरची पेरणी’ लिहिणारे सय्यदभाई त्या चळवळीतले. स्वतःच्या बहिणीला मिळालेल्या तोंडी तलाकने ते या कामात ओढले गेले. माझ्या जन्माआधीची ही हकीकत मी घरी ऐकली ती वेगळ्याच सुरात, ‘वो बिगडे हुए लोग’ अशी. तोंडी तलाकने घरी परतलेल्या लेकी त्याच घरात भाकऱ्या थापत होत्या, आणि बिघडलेले लोक मात्र मोर्चातले ठरले होते.

पुढचा रस्ता कोर्टातून गेला. १९८६ च्या कायद्याने घटस्फोटितेची पोटगी इद्दतपुरती राहिली असे सगळे समजत होते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इद्दतीच्या काळात पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यावी लागेल. २००२ साली औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवले की तलाक दिला एवढे म्हणून चालणार नाही. कारण आणि समेटाचे प्रयत्न नवऱ्याला सिद्ध करावे लागतील. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्री सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागू शकते.

मोहल्ल्यात याचे काय झाले? तिहेरी तलाकची धास्ती कमी झाली, हे मी पाहते आहे. पण काही नवऱ्यांनी नवी वाट शोधली. ते तलाक देतच नाहीत. बायकोला माहेरी पाठवतात आणि बोलावत नाहीत. ना तलाक, ना खर्ची. तिची ना इद्दत सुरू होते, ना दुसरे आयुष्य. अशा बाईला १९३९ च्या कायद्यातली दोन वर्षांची तरतूद उपयोगी आहे, पण ती तिला कोण सांगणार? नवरा तुरुंगात घालायचा कायदा टीव्हीवरून घरोघर पोचला. जुना, सुटका देणारा कायदा ऐंशीहून अधिक वर्षांत आमच्या गल्लीपर्यंत आलेला नाही.

हे सगळे लिहिताना मला वाचकांच्या मनातला एक विचार ऐकू येतो, कारण तो माझ्याही मनात असतो. दिवस काय आहेत आणि ही बाई काय घेऊन बसली आहे! ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झाले ते आपण पाहिले. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरे आणि मस्जिद फोडली गेली. पलीकडे कर्नाटकात २०२२ साली हिजाबवरून मुलींना कॉलेजच्या दाराशी अडवले गेले. निपाणी आमच्यापासून किती दूर आहे? अशा वेळी घरातली भांडणे चव्हाट्यावर का आणायची, असे आपले बुजुर्ग म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. त्या दिवसांत मीही मुलींना लवकर घरी सोडले आहे. पण एक गोष्ट पाहावी. बाहेर दडपण वाढले की घरात पहिली बंदी मुलीच्या बाहेर पडण्यावर येते. मग शिक्षण थांबते, मग घाईने निकाह होतो आणि घाईच्या निकाहात कागद कोण वाचतो? समाजावर संकट असते तेव्हा समाजाची निम्मी माणसे अंगठेबहाद्दर ठेवून तो सावरेल कसा? शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढले, पुढे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आमचे वडगाव त्यांच्याच संस्थानातले. बोर्डिंग मुलांचे होते. मुलींनी वर्गात बसायला आमच्या मोहल्ल्यात आणखी दोन पिढ्या गेल्या. आता त्या बसल्या आहेत, आणि निकालाच्या दिवशी पहिल्या पाचांत बहुधा मुलीच असतात. त्यांना आता उठवू नये.

म्हणून वाचकांना माझी विनंती साधी आहे. या घरी-दारी वाचल्या जाणाऱ्या अंकात ती शोभेल असे वाटते. आपल्या घरातला निकाहनामा बाहेर काढा. मुलगी उर्दू शिकत असेल तर तिच्याकडून वाचून घ्या, नसेल तर मस्जिदीच्या इमाम साहेबांना विचारा. मेहरपुढचा शब्द ऐनचा आहे की हमजाचा ते पाहा, आणि बायको समोर असताना, आपण दोघे हयात असताना, हिशेब करा. मय्यतीची वाट पाहू नका. निकाहनाम्याची एक प्रत तिच्या हाती द्या. काजी साहेबांनी निकाहनाम्यात उर्दूच्या शेजारी मराठी मजकूर छापून घेतला तर फार मोठे काम होईल, आणि त्यासाठी ना दिल्लीची परवानगी लागते ना कोर्टाची. बहिणीला हक्कसोड करायला न्यायचे असेल तर आधी तो कागद तिला वाचून दाखवा, समजावून सांगा. ती तरीही सही करील, बहुतेकजणी करतील. पण तिला विचारलेले असेल.

माझ्या दहावीच्या वर्गात यंदापासून कोऱ्या निकाहनाम्याबरोबर एक जुना सातबाराही येणार आहे. तो माझ्याच आजोबांचा आहे. ‘वारस’ या शब्दाखाली तिन्ही फुफींची नावे आहेत, आणि त्यांवर कंस टाकून त्या कमी केल्या आहेत. मुलींना प्रश्न काय विचारायचा ते मी अजून ठरवलेले नाही. त्याच मला विचारतील.